ज्वारीवरची फोडणी

रविवारी सकाळी नऊ वाजायच्या आत सुवर्णाने ओटा तीनदा पुसला होता. ओट्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. हात रिकामे राहिले की डोकं भलतीकडे धावत होतं, म्हणून पुसत होती. बाहेरच्या खोलीत दाराशी सासूबाईंची पिशवी भरून ठेवलेली. दुपारी पुण्याची गाडी, तिथून पुढे सोलापूर, मग मंगळवेढा. राजरत्न, म्हणजे सुवर्णाचा नवरा, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. बाराला ड्यूटी संपली की तो येणार आणि आईला स्टेशनवर सोडणार. दोन महिने राहायला म्हणून जयपूरच्या झोटवाड्यात आलेली बाई तीन आठवड्यांत परत निघाली होती. का निघाली ते घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं, पण तोंड कुणी उघडत नव्हतं.

सगळं सुरू झालं ते लेकीच्या, अक्षदाच्या पोटापासून. पोरगी बारा वर्षांची, वजन चोवीस किलो. शाळेच्या रांगेत तिला चौथीच्या मुलींत उभं केलं असतं तर कुणी हटकलं नसतं. पोट दुखायचं, फुगायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. वर्षभर जंताची औषधं झाली, दृष्ट काढून झाली, आणि शेवटी सात महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी निदान केलं. गहू. गव्हातलं ग्लुटेन हिच्या आतड्याला सोसत नाही. आता नाही, पुढेही नाही, कणभरसुद्धा नाही.

आता जयपुरात राहून गहू टाळायचा म्हणजे काय, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. इथे शेजारीण वाढदिवसाला कचोरी घेऊन येते, घरमालकीण तीजेच्या सणाला मैद्याचा घेवर पाठवते, आणि नाही म्हटलं की दोघी तोंड फिरवतात. पण सुवर्णाही काही कमी नव्हती. ती गव्हाच्या अशी हात धुवून मागे लागली की पंधरा दिवसांत घरात गव्हाचा दाणा उरला नाही. जुनं पोळपाट-लाटणं गेलं, तवा गेला, मिक्सरचं भांडं गेलं. राजरत्नला तिने सरळ सांगितलं, पोळी खायची तर कँटीनमध्ये खा, आणि घरात पाय टाकायच्या आधी हात-तोंड धुवा. तो बिचारा दारातल्या नळावर चुळा भरूनच आत यायचा.

आणि एक नियम तिने घातला. बाहेरून आलेलं कुठलंही पाकीट अक्षदाने मागचं वाचल्याशिवाय फोडायचं नाही. पोरीला ते आवडायचंसुद्धा. सॉस, पापड, चॉकलेट, सगळ्यांवरची बारीक अक्षरं ती घडाघडा वाचायची, हिंदी असो की इंग्रजी, आणि मग न्यायाधीशासारखा निकाल द्यायची. "मम्मी, ये नहीं चलेगा," असं ती म्हणाली की ते पाकीट गेलंच कचऱ्याच्या डब्यात. सुवर्णाला आपल्या या बंदोबस्ताचा फार अभिमान होता. माहेरचं खातं तेवढं यातून सुटलेलं होतं. तिचा भाऊ योगेश सोलापुरातून दर दोन-तीन महिन्यांनी खोका पाठवायचा: शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, हिंग. तो खोका आला की सुवर्णा स्वतः उघडायची, आधी वास घ्यायची, मग डबे भरायची. माहेरच्या खोक्याची कोण झडती घेतं?

तर एवढं सगळं करून परवा शुक्रवारी रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा खाली यायला हवा होता. उतरला होता जेमतेम, आणि गेल्या तीन आठवड्यांत पोट आधीपेक्षा जास्त दुखत होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "कहीं से तो जा रहा है, सुवर्णाजी. थोड़ा-थोड़ा, पर रोज़." पुढचं त्यांनी अक्षदाला बाहेर बसवून सांगितलं. हेच वय वाढायचं. आत्ता आतडं सुधारलं नाही तर उंची राहिली ती राहिली, पुढे कितीही खायला घातलं तरी भरून येणार नाही. जे काय जातंय ते शोधा.

सुवर्णा घरी आली ती पेटलेलीच. तीन आठवडे म्हणजे कधीपासून? हिशोब काय अवघड होता. तीन आठवड्यांपूर्वी सासूबाई आल्या होत्या.

प्रभावतीबाई मंगळवेढ्याहून येताना नातीसाठी दहा किलो मालदांडी ज्वारी घेऊन आल्या होत्या, घरच्या रानातली, एकेक खडा निवडून. आणि पिशवीच्या तळाला लेकासाठी पत्र्याच्या डब्यात कुरडया. कुरडया गव्हाच्या. बाईंना आल्या दिवशी घरातला नियम कळला तसा त्यांनी तो डबा फडक्यात बांधून कॉटखाली सारला आणि जाताना परत न्यायचा असं मनाशी ठरवलं. सांगायचं मात्र राहिलं. शुक्रवारी संध्याकाळी सुवर्णाने सगळं घर उलथंपालथं केलं तेव्हा तो डबा तिच्या हाती लागला.

"आत्याबाई, हे काय आहे?" तिने विचारलं. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"कुरडया हायत्या. राजूसाठी आणल्या हुत्या. फोडलाबी न्हाई डबा."

"अक्षदाला दिल्यात ना तळून? मी बाजारात गेले की?"

"न्हाई गं. लेकराला कशाला दीन मी?"

"मग पोट काय हवेनं दुखतंय तिचं? तुम्ही आलात तेव्हापासून दुखतंय."

म्हातारी एवढंच म्हणाली, "मी न्हाई दिलं." मग कॉटवर बसून राहिली. शनिवारी सकाळी तिने लेकाला तिकीट काढायला सांगितलं. राजरत्नने बायकोकडे पाहिलं, बायकोने भिंतीकडे. तो रेल्वेचा पास घेऊन निघून गेला. असल्या वेळी हा माणूस कधी मध्ये पडत नाही. सिग्नलचं काम करून करून त्याला दोन्ही बाजूंना लाल दिवा दाखवायची सवय झालेली.

आणि आज रविवार. सुवर्णाचा पाय एका जागी ठरत नव्हता. कॉटखालचा डबा तिने स्वतः उघडून पाहिला होता आणि एक गोष्ट तिला टोचत होती: डबा वरपर्यंत भरलेला होता. शिवाय तीन आठवड्यांत घरात एकदाही तळणीचा वास आला नव्हता. पण मग दुसरं काय? शाळेत डबा घरचा, पाणी घरचं. छे, म्हातारीच. तिच्याशिवाय दुसरं कोण? असं म्हणत ती पुन्हा ओट्याला भिडली.

जाणाऱ्या माणसाला जेवू घालून पाठवायचं एवढं तिला कळत होतं, म्हणून तिने अक्षदाचंच जेवण चौघांसाठी करायला घेतलं. ते जेवण म्हणजे डॉक्टरीणबाईंकडच्या आहाराच्या बाईंनी लिहून दिलेलं सॅलड. कागदावर इंग्रजीत काय काय लिहिलेलं, पण अर्थ एवढाच की अख्खं धान्य शिजवा, त्यात भरपूर हिरवा पाला घाला, लिंबू पिळा आणि ताजं खा. सासूबाईंची ज्वारी आली त्या दिवसापासून सुवर्णा ते रोज करत होती.

रात्रभर भिजवलेली ज्वारी तिने कुकरला लावली आणि आठ शिट्ट्या मोजल्या. पाणी निथळून दाणे सुती पंच्यावर पसरले. गरम दाण्यात पाला घातला की तो काळा पडतो, आणि ओल्या दाण्यात घातला की सगळ्याचा लगदा होतो. हे तिला पहिल्या दोन दिवसांत कळलं होतं. दाणा पुरता निवायला हवा, बोटाला चिकटायला नको. तोवर तिने कोथिंबिरीची अख्खी जुडी बारीक चिरली, पुदिन्याची पानं हाताने तोडली, काकडी चोचवली, कांदा चिरला, डाळिंब सोललं. शेंगदाणे भाजून जाडसर कुटले. हिरवी मिरची एकच, अक्षदाला झेपेल एवढी. सगळं मोठ्या पातेल्यात एकत्र करून मीठ घातलं आणि लिंबू पिळलं. पुदिन्याच्या वासाने स्वयंपाकघर भरून गेलं. कितीही जीव कावलेला असो, त्या वासापुढे तिला क्षणभर बरं वाटलं.

कागदाप्रमाणे सॅलड इथेच झालं. सुवर्णाच्या मते नाही. फोडणी न घातलेल्या कोशिंबिरीला ती कोशिंबीरच मानत नव्हती. तसला पालापाचोळा गुरांनी खावा, माझ्या लेकीने का खावा, असं ती आहाराच्या बाईंनाही ऐकवायला कमी करणारी नव्हती. म्हणून कढल्यात तेल, तेलात मोहरी, आणि पोरीचं पोट दुखतं म्हणून हिंग. पोटाला हिंगच लागतो, हे काय तिला कुणी शिकवायला हवं? जसजसं पोट जास्त दुखायला लागलं तसतशी हिंगाची चिमूट मोठी होत गेली.

मोहरी तडतडली. तिने हिंगाची पितळी डबी उघडली तर डबी रिकामी. नवं पाकीट योगेशच्या खोक्यातच पडलेलं. हाताला पुदिना चिकटलेला, तेल तापलेलं. तिने गॅस बंद केला.

"अक्षदा, ते हिंगाचं पाकीट काप आणि डबीत ओत बरं."

अक्षदा आली. केस मोकळे, विस्कटलेले, डोळ्यांवर येणारे. दोन दिवस पोरीची वेणी घातली गेली नव्हती. आल्यापासून वेणी आजीच घालायची. आता आजी रुसली म्हणून तेही बंद, असं सुवर्णाला वाटत होतं आणि त्याचाही तिला राग आला होता. भांडण माझ्याशी ना, मग त्यात पोरीची वेणी का?

अक्षदाने कात्री घेतली आणि सवयीने पाकीट उलटं केलं. माहेरच्या पाकिटाचं मागचं या घरात आजवर कुणी वाचलं नव्हतं. अक्षरं मराठी होती, त्यामुळे ती अडखळत, एकेक अक्षर लावत वाचायला लागली.

"घटक. खाद्य डिंक. गव्हाचे पीठ. हिंग." ती थांबली. "मम्मी, गव्हाचे मतलब गेहूं का ना?"

सुवर्णाने पाकीट तिच्या हातातून घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. हिंग नुसता नसतो, पीठ आणि डिंक मिसळून तो बांधलेला असतो, हे तिला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. पीठ कसलं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. सात महिने वरणात, सात महिने भाजीत. आणि गेले तीन आठवडे रोज ताज्या ज्वारीवर, चिमूट मोठी करून करून, औषध म्हणून.

ती ओट्याला धरून उभी राहिली. घर तिने झाडलं, तवे फेकले, नवऱ्याला नळावर उभं केलं, सासूच्या कॉटखाली हात घातला, आणि गहू तिच्याच हाताने रोज पोरीच्या ताटात पडत होता. कढलं तिने तेलासकट मोरीत पालथं केलं. डबी उचलली, तीही कचऱ्यात टाकली. आईने लग्नात दिलेली होती; असो.

"मम्मी, तू रो रही है?"

"नाही. आजीला बोलाव. नको, थांब. मीच जाते."

प्रभावतीबाई दाराशी पिशवीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, लुगड्याचा पदर घट्ट आवळून, दोन्ही हात मांडीखाली घालून. एखादी बाई दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत बसते तशा. सुवर्णा पाकीट घेऊन त्यांच्यासमोर खाली फरशीवरच बसली. बोलायचं फार होतं, पण तोंडातून आलं ते इतकंच, "आत्याबाई, हिंगात होतं. माझ्या हिंगात गव्हाचं पीठ होतं. मी घालत होते. तुम्ही काही केलं नाही."

म्हातारीने पाकीट हातात घेतलं नाही. तिला वाचता येत नव्हतंच. ती सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली.

"खरं सांगतीस?"

"खरं. मी तुम्हाला बोलले ते चुकले. फार चुकले."

"मी न्हाई दिलं, म्हणाले हुते तुला." बाईंचा आवाज चढला नाही. "पर मग माझाच माझ्यावर भरवसा राहीना. डबा मी भरला, फडकं मी बांधलं. हाताला भुगा लागला आसंल, त्योच हात पोरीच्या तोंडाला गेला आसंल, आसं वाटाया लागलं. शुक्रवारपास्नं साबणानं धुतीय हात. वास जातोय, पर भ्या जात न्हाई." तिने मांडीखालचे हात बाहेर काढले. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. "म्हनून वेणीबी घातली न्हाई लेकराची. जवळ घेतलं न्हाई. तिला वाटलं आसंल, आजी रागावली."

सुवर्णाने ते हात आपल्या हातात धरले, पुदिन्याच्या ओल्या हातांनीच, आणि तिला रडू फुटलं. मागे दारात अक्षदा केस मागे सारत उभी होती. स्वयंपाकघरात पातेल्यात ज्वारी तशीच होती, फोडणीवाचून.

बाईंनी तिला थोडा वेळ रडू दिलं. मग हात सोडवून घेतले, पदराला पुसले आणि नातीकडे बघत सुनेला विचारलं, "मंग आता लावू का तिला हात?"

सुवर्णा उठली, फणी घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिली.