आभाळ आलं की पळायचं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गच्चीवरची तूर गोळा करणं. उन्हाळ्याची दुपार. मी खाली पंख्याखाली पडलो होतो. वरून आरोळी आली, "अवो, उठा! आभाळ आलं!"

ही आरोळी मी पन्नास वर्षं ऐकत आलो. ऐकली की चपलेचं भान राहत नाही. तसाच अनवाणी जिना चढलो. फरशी तव्यासारखी तापलेली. ती पदर खोचून दोन्ही हातांनी तूर ओढत होती. तेलपाणी लावलेली तूर, अजून एक ऊन खायची राहिलेली. भिजली की मातीमोल. भराभरा गाठोडी बांधून जिन्याच्या खोलीत ढकलली. ढकलतो न ढकलतो तोच आभाळ गेलं. थेंबसुद्धा पडला नाही. पुन्हा तेच रणरणतं ऊन.

ती भिंतीला टेकून बसली आणि वर बघून म्हणाली, "फुकट पळवलं मेल्यानं."

मी हसलो. पाणी आणायला खाली गेलो. तांब्या घेऊन वर आलो तर ती गेलेली होती.

लेक नांदेडला दिलेली. ती जीप करून आली आणि दिवस मावळायच्या आत माती झाली. घर माणसांनी भरलं. जो तो म्हणायला लागला, देवमाणूस होती. देवमाणूस कुठली? डाळमिलीच्या मुकादमाला शिव्या देणारी बाई होती ती. माझं चित्त मात्र वरच्या गाठोड्यांत. दमट तूर बांधून ठेवली की आतून तापते, वास मारायला लागते. एक रात्र निघते, दुसरी निघत नाही. तिच्या हातचं शेवटचं काम नासू द्यायचं का, एवढाच प्रश्न होता माझ्यापुढं.

म्हाताऱ्याला बायकोपेक्षा तुरीचं जास्त पडलं, असं कुणाला वाटेल. म्हणून सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही देवणीकडचं गाव सोडलं. आधी सडकेच्या कामावर खडी फोडली, सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली. मग कुणीतरी म्हणालं, लातुरात डाळमिली चालू हायत, माणसं घेतात. आलो. आमच्या गावात डाळ म्हणजे बायकांचं काम. तुरीला तेलाचा हात लावायचा, वाळवायची, जात्यावर भरडायची, सुपात पाखडायची. इथं बघतो तर पत्र्याच्या शेडात पट्टे फिरतायत, चाळण्या थडथड करतायत, शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नाही. हिनं कानांत बोटं घातली आणि मुकादमाला ओरडून विचारलं, "ह्याला काय दुखायलंय? रोज असंच बोंबलतंय का?"

पण एवढं लोखंड, एवढी वीज, आणि तूर वाळवायची म्हटलं की सूर्यच लागायचा. त्यासाठी आम्ही. मिलीच्या मागं मोठी फरशी होती. गडी पोती ओतायचे आणि मग सगळ्यांनी तुरीतून पाय ओढत चालायचं, म्हणजे खालचा दाणा वर येतो. पाय ओढले की तुरीत शेतासारख्या ओळी पडायच्या. हिच्या ओळी सुतात. माझ्या वाकड्या. सगळ्या बायांसमोर म्हणायची, "असंच नांगरत होते म्हणून तर दुष्काळ पडला."

कामाला लागून थोडे दिवस झाले असतील, एक दिवस दुपारी आभाळ आलं. काळं, भरलेलं. आम्ही सगळे गावाकडून पळून आलेले. आभाळाची वाट बघून डोळे शिणलेली माणसं. जिथं होतो तिथं हात जोडून उभे राहिलो. एक म्हातारी तर फरशीवर डोकं टेकवून बसली. मुकादम शेडातून धावत आला.

"अरे तूर झाका! ताडपत्र्या वढा! बघत काय बसलाव?"

ही म्हणाली, "मुकादम, लई दिसांनी आभाळ दिसलंय. जरा बघू द्या की."

"बघायचं तर गावाकडं जाऊन बघा! हितं आभाळ आलं की पळायचं!"

तोवर सर आली. मोठी नव्हती, पण तुरीला पुरेशी होती. आमच्या शेतावर कधी पडली नाही ती नेमकी मालकाच्या तुरीवर पडली. मालक येऊन डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. मुकादम म्हणाला, "उद्यापसनं कुणी येऊ नका." आम्हा गड्यांची तोंडं उतरली. सडकेचं काम सुटलेलं, गावात दाणा नाही. जायचं कुठं?

ही पुढं झाली. "उद्या ऊन पडल्यावर ही तूर पसराया तुमची आई येणार हाय का? वली झाली तर वाळवू. वाळवायलाच ठिवलंय न्हवं आमाला?"

मुकादम लाल झाला. मालक मात्र हसला आणि म्हणाला, "ह्या बाईला फरशीवरच ठेव. हिचा आवाज मशीनच्या वर जातोय."

तेव्हापासून आरोळी द्यायचं काम हिचं. पण मोठा पेच झाला. गावासाठी पाऊस मागायचा आणि मिलीसाठी ऊन. देवानं करावं काय? हिनं तोड काढली. सोमवारी महादेवाला सांगून आली, "देवा, पाऊस देवणीकडं पाड, लातूर तेवढं सोड." पुढं कैक वर्षांनी लातुराला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "घे, तुझं मागणं पोचलं." घागर तशीच ठेवून हसत बसली होती.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी गावाकडं पाऊसपाणी झालं. भावाचा निरोप आला, पेरणीला ये. मी वळकटी बांधली. ही हलेना. म्हणाली, "तुमी जावा. गावात म्या रातंदिस राबले तर कुनी म्हनलं का, ही कामाला हाय? हितं रोज हजेरीला माजं नाव पुकारतेत." मी तणतणत निघालो. मिलीच्या फाटकापुढूनच बस जायची. तिथं उभा होतो, बस वळणावर दिसली, आणि आतून आरोळी आली, "आभाळ आलं!"

वळकटी टाकून मी फरशीवर पळालो. डोक्यानं काही ठरवलं नव्हतं, पायच गेले. ताडपत्री ओढून मागं बघतो तर बस पुढच्या चौकात.

"काय वो, गाडी चुकली?"

"चुकली."

"उद्याच्या गाडीनं जावा मग."

ती उद्याची गाडी अजून यायची आहे.

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी मालकानं पेढे वाटले. रस्त्यावर हलगी, फटाके. मुकादम हरखून सांगायला लागला, आता साहेब लोक इथंच बसणार, उस्मानाबादला खेटे घालायला नकोत. ही पेढा खात म्हणाली, "आमचं कोण जात हुतं उस्मानाबादला? जिल्हा झाल्यावर ऊन वाढंल का, तेवडं सांगा." पण मुकादमाचंही खोटं नव्हतं. कारखाने वाढले, गावोगावची माणसं आली. आमचीही पत्र्याची खोली जाऊन गच्चीचं घर झालं.

मग गरम हवेनं तूर वाळवणारं मशीन आलं आणि फरशीवरच्या बाया घरी गेल्या. ही शेवटच्या दिवशी त्या मशीनभोवती फिरून आली. "ह्याला आभाळच न्हाई," म्हणाली. "मग पळायची मजा काय?" त्या साली पहिल्यांदा तिनं बाजारातून तूर आणून आमच्या गच्चीवर पसरली. पुढं दर उन्हाळ्यात. दुकानात डाळ मिळत होती, पण तिला पळायला आभाळ पाहिजे होतं.

तर ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आलं तसा मी उठलो. लेक म्हणाली, "आप्पा, कुठं निघालाव?"

"तूर पसराया."

चुलतभाऊ दारातच बसला होता. "अरे, सुतक हाय. लोक काय म्हनतील?"

"सुतक मला हाय," मी म्हणालो. "तुरीला न्हाई."

वर जाऊन पहिलं गाठोडं सोडलं, आत कोपरापर्यंत हात घातला. कोमट लागली. हुंगून बघितली. वास नव्हता. सगळी गाठोडी ओतली, हातानं पसरली आणि तुरीतून पाय ओढत चालायला लागलो. लेक मागून जिना चढून आली. पदरानं डोळे पुसत जरा वेळ बघत उभी राहिली, मग तिला हसू आलं.

"आप्पा, ओळी वाकड्या पडल्यात."

"ठावं हाय," म्हणालो, आणि कठड्यापासून दुसरी ओळ धरली.