पांढऱ्या पाट्यांचा परिच्छेद

अर्जदार: सौ. वैशाली मानकर, गणिताच्या शिक्षिका, मूळ राहणार नागपूर, तेव्हा न्यू जर्सी, अमेरिका. तक्रारदार: टायलर नामक विद्यार्थ्याची आई. काळ: सन २००४, वसंत ऋतू. साक्षीदार: माझी पुतणी केतकी, जन्माने अमेरिकन. अर्जलेखक: मी स्वतः.

माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि वर्ध्याच्या कचेरीबाहेर मी उमेदीची वर्षे अर्जलेखनात घालवली. पुढे न्यू जर्सीतल्या आयसेलिन गावी भावाच्या वाणसामानाच्या दुकानात आलो, तरी काउंटरशेजारी माझे टेबल लागलेच. शाळेच्या चौकशीत द्यायचा अर्ज लिहून घेण्यासाठी मानकरबाई त्या टेबलाशी बसल्या. नोकरी गेली तर व्हिसा जाणार होता, आणि नवरा व मुले त्यांच्याच व्हिसावर येथे राहत होती.

घडले ते असे. टायलर अपूर्णांकांत कच्चा. बाईंनी आपल्याकडील रीतीप्रमाणे कच्च्या मुलालाच फळ्यापाशी बोलावले. एकाची चूक सर्वांनी पाहिली की सर्व सुधारतात, हा त्यांच्या अध्यापनाचा पाया. त्याने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहिली. वर्ग हसला. बाईही हसल्या, मायेने. दुसऱ्या दिवशी टायलर शाळेत आला नाही. पुढे परतला, पण वर्गात तोंड उघडेना. आईने तक्रार केली.

“भाऊ, मी पद्धत बदलली आहे,” बाई म्हणाल्या. “प्रत्येकाला छोटी पांढरी पाटी दिली. प्रश्न विचारते आणि थांबते. मग सगळे एकदम पाट्या माझ्याकडे करतात. कोण चुकलं ते मलाच दिसतं. त्याच्या डेस्कशी जाऊन हळूच विचारते, हे कसं काढलंस? काल टायलरनेही पाटी वर केली. एवढं लिहा. आणि माझं चुकलं, तेही लिहा.”

“बाई, अर्जात चूक कबूल करायची नसते. धंद्याचा पहिला नियम आहे.”

केतकी माझा मजकूर इंग्रजीत टाइप करत होती. “काका, बट दॅट्स द बेस्ट पार्ट!”

“तू टाइप कर. कचेरी तू पाहिलेली नाहीस.”

“अँड यू हॅवन्ट सीन अ स्कूल हिअर.”

पाट्यांचा आणि चुकीच्या कबुलीचा परिच्छेद मी वगळला. पदव्या, अनुभव, निष्कलंक सेवा यांनी पाने भरली. सुनावणीत अर्ज बोलेल, आपण बोलू नये, असेही मी बाईंना बजावले.

सुनावणीस मी व केतकी सोबत होतो. प्रिन्सिपल बाईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, परत पहिले पान काढले.

“मिसेस मानकर, व्हेअर इज टायलर इन धिस?”

यात टायलर कुठे आहे, असे विचारतात, केतकी माझ्या कानाशी पुटपुटली. मानकरबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच नको म्हटले. त्यांनी नुसते अर्जाकडे बोट केले.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झाले नाही, म्हणजे पुढील वर्षाची नेमणूक मिळाली नाही. उन्हाळी सुट्टी लागताच मानकर कुटुंब नागपूरला परतले. पाट्या वर्गातच राहिल्या.

शिक्षकाने काय शिकवले यापेक्षा तो काय शिकला, हे चौकशीत आधी यावे, इतके या प्रकरणावरून दिसते.

सबब प्रिन्सिपल बाईंस विनंती की, वगळलेला परिच्छेद मूळ अर्जास जोडून घ्यावा आणि तोच प्रश्न मानकरबाईंना पुन्हा विचारावा. उत्तर त्या स्वतः देतील. मी मध्ये बसणार नाही. लेखी उत्तराची वाट पाहत आहे.