न सापडलेला दगड

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती एका न सापडलेल्या दगडामुळे.

खानदेशातल्या एका शहरात मी पोलीस निरीक्षक होतो. तिथे नुकतीच वातानुकूलित शहर बस सुरू झाली होती. उद्घाटनाला तोरणं, फुगे, भाषणं सगळं झालं. बंदोबस्त आमचाच असल्यामुळे भाषणं मलाही ऐकावी लागली. बससाठी पिवळे पट्टे मारून वेगळी मार्गिका आखली होती. आठवडाभरात तिच्यात केळीच्या हातगाड्या सुखाने उभ्या राहू लागल्या.

मे महिन्यात एका दुपारी बस ठेकेदाराचा व्यवस्थापक फिर्याद घेऊन आला. रिक्षावाल्यांनी दगडफेक करून बसची काच फोडली, असं त्याचं म्हणणं. पाठोपाठ एका कार्यकर्त्याचा फोन आला. त्याने संशयिताचं नावच सांगून टाकलं. इतकी तत्पर खबर मला नोकरीत क्वचितच मिळाली.

संशयिताला चौकशीसाठी आणलं. चाळिशीचा रिक्षावाला, दोन मुलींचा बाप. बसवाल्यांना चारचौघांत शिव्या दिल्याचं त्याने मान्य केलं. गुन्हा दाखल झाला तर त्याचा रिक्षा चालवायचा बॅज जाणार होता, आणि घर त्या बॅजवरच चालत होतं.

"दुपारी कुठे होतास?"

हवालदाराने दम दिला, चहा दिला, पुन्हा दम दिला. शेवटी तो म्हणाला, "साहेब, माझ्या सीटवरच दोन्ही बाजूंना माणसं होती. अर्धा मीच गाडीबाहेर. दगड कसा उचलू?"

"एकूण किती बसवले होते?"

"सांगितलं तर बॅज जाईल."

"नाही सांगितलं तरी जाईल."

"सात. आठवं लेकरू होतं, ते धरत नाहीत."

बचावासाठी दुसरा गुन्हा कबूल करणारा माणूस सहसा खरं बोलतो. मी जीप काढायला सांगितली.

घटनास्थळी डांबरावर काचेचा चुरा पडला होता. मग डेपोत जाऊन बस पाहिली. ती झाडलेली नव्हती. शेंगांची टरफलं, तिकिटं तशीच होती. काचेचा तुकडा मात्र एकही नाही.

"दगड कुठाय?" मी चालकाला विचारलं.

"परत बाहेर पडला, साहेब."

"आणि काच?"

"तीपण त्याच्यासोबत गेली."

कंडक्टरला हसू आवरलं नाही. त्याला बाजूला घेतल्यावर सगळं बाहेर आलं. एसी उद्घाटनाच्या दिवशी चालला तेवढाच. खिडक्या उघडायची सोय नव्हती. हातगाड्यांमुळे बस अडकली, आणि थांब्याशिवाय दार उघडायचं नाही असा वरचा आदेश होता. सरकारी दवाखान्यात निघालेले एरंडोलकडचे एक आबा आत गुदमरू लागले. पुढे काच फुटली. एसी बंद होता असं कळवण्यापेक्षा दगडफेक कळवणं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

दवाखान्यात आबांच्या उशाशी त्यांची बायको बसली होती. मी विचारलं, "आक्का, काच कोणी फोडली?"

"मीच फोडी ना भाऊ. मंग काय, त्यासले मरू देऊ?" त्यांनी पिशवीतून वाटेत विकत घेतलेला लोखंडी बत्ता काढून दाखवला. "भरपाई जोयजे तं पहिले ठंडी हवाना पैसा परत द्या."

जीव वाचवण्यासाठी केलेलं नुकसान गुन्हा ठरत नाही, असा अहवाल मी पाठवला. व्यवस्थापकाला तो आवडला नाही.

त्यानंतर तोडफोडीची फिर्याद आली की मी आधी तुकडे कोणत्या बाजूला पडलेत ते बघत असे. उद्घाटन जितकं मोठं, तितका बाहेरचा शत्रू लवकर सापडतो, हेही माझ्या लक्षात आलं.

रिक्षावाल्याचा बॅज वाचला. जादा प्रवाशांचा दंड मात्र त्याला भरावा लागला. कबुली त्याचीच होती. तो दंड भरायला आला त्या दिवशी आबा आणि आक्का जबाब देऊन निघाले होते. बाहेर ऊन तापलं होतं. त्याने रिक्षा थेट पायरीपाशी आणली.

"बसा आक्का," तो म्हणाला. "आपल्या गाडीला फोडायला खिडकीच नाही."