सगळं गाव हजर होतं

माझा आवाज असा आहे की मी कडा गावात शिंकलो तर तिकडं आष्टीत लोक छत्र्या उघडतात. म्हणून आमच्या गावात कसलीही सभा असली की बोलायला मीच.

मागच्या थंडीत पुण्याहून एका संस्थेच्या बाई आल्या. स्टँडसमोरच्या मोकळ्या जागेचं काय करायचं, ते म्हणे गावानंच ठरवायचं. बाईंनी पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर नकाशा आखला आणि हातोहात चिंचोके वाटले. ज्याला जे हवं, तिथं त्यानं चिंचोका ठेवायचा. मी माझे ठेवले, शेजारच्याचे ठेवले, ज्यांना वाकवत नव्हतं त्यांचेही ठेवले. बाग ठरली, कारंजं ठरलं, भोवती लोखंडी कुंपण ठरलं.

बाईंनी विचारलं, "सगळे आलेत ना?"

"सगळं गाव हाय बाई," मी गरजलो. "कुत्रीबी घरी न्हाईत."

आपण खोटं बोलतोय असं तेव्हा मनातही आलं नाही. दिवाळी झाली की निम्म्या दारांना कुलपं लागतात, माणसं ऊस तोडायला जातात, आणि मागं उरलेले आम्ही स्वतःलाच गाव म्हणतो. वर्षानुवर्षं असंच म्हणत आलोय.

बाग झाली. उद्घाटनाला मी असं भाषण ठोकलं की हार घालायला आलेला माणूस हार सुकेपर्यंत उभा होता. कारंज्याला पाणी तेवढं नव्हतं. फाटकाची किल्ली माझ्याकडे आली आणि पाटीवरचा मजकूरही माझाच: 'जनावरे व सामान आत आणू नये.'

उन्हाळ्याच्या तोंडाशी साखर कारखाने बंद झाले आणि भर दुपारी ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर आला. दरवर्षी तो त्याच मोकळ्या जागेत वळायचा. कडुलिंबाखाली सामान उतरायचं, माणसं दम खायची, मग जो तो आपापल्या वस्तीवर. आता लिंब कुंपणाच्या आत. ट्रॅक्टरवाल्यानं भांडी, कोंबड्या, शेळ्या, म्हातारी माणसं, सगळं तापल्या डांबरावर उतरवलं आणि तो गेला.

माझ्या शेजारच्या वहिनी गाठोड्यावर बसल्या होत्या. तान्ह्या नातवावर पदराची सावली धरली होती. मी धावत जाऊन फाटक उघडलं.

"आत या वहिनी. लिंबाखाली बसा."

"पाटी वाचली की भाऊजी," त्या म्हणाल्या. "शेळ्या आमच्या अडाणी. त्यास्नी वाचता येत न्हाई. ऱ्हाऊ द्या."

"मी एकट्यानं न्हाई केलं. सगळ्या गावानं ठरवलंय."

"आसं का? मंग आमी कोन्त्या गावचे?" वहिनी हसल्या. "एक फोन लावायचा व्हता. उसाच्या फडात रेंज लई असती."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. खिशातून फोन काढून मी तिथंच संस्थेच्या बाईंना लावला. म्हणालो, रस्त्याकडचं कुंपण काढावं लागतंय, पुन्हा सभा घ्या, पण आखाडात घ्या.

"आखाडातच का?"

"तेव्हा गाव घरी असतं."

"म्हणजे? मागच्या वेळी तर सगळे होते ना?"

वहिनी माझ्याकडंच बघत होत्या. पोराच्या तोंडावर ऊन आलं होतं, त्यांनी पदर सरकवला.

"नव्हते," मी म्हणालो.

"हॅलो? ऐकू येत नाहीये. जरा मोठ्यानं बोलता का?"