तीनशे सत्तेचाळीस, दोनदा

मला पाहायला आलेली मंडळी आसेगावची होती. मुलगा आणि मी दोन वर्षं वाशीमच्या एकाच एसटीनं कॉलेजला जात होतो, लग्नही आमचं आम्हीच ठरवलं होतं. हे घरी कळलं असतं तर माझ्या वडिलांनी पाहुण्यांना मंगरूळपीरच्या स्टँडवरूनच परत पाठवलं असतं. म्हणून माझ्या मावशीकडून स्थळ आल्याचं नाटक रचलं. मी मान खाली घालून चहा दिला. अभिनय बरा जमत होता.

मुलाच्या घरात शब्द चाले तो त्याच्या मोठेबाबांचा, म्हणजे थोरल्या काकांचा. ते म्हणाले, "एमेस्सी गणित म्हणतात. मंग सत्तावीसचा पाढा म्हण बरं."

माझं डोकंच फिरलं. पाच वर्षं गणित घासून पाढा म्हणायचा?

"पाढा मंग म्हणते. आधी तुमी कोणतीबी तीन आकडी संख्या लिहा, अन् तीच पुढं परत लिहा."

त्यांनी वहीच्या पानावर लिहिलं, ३४७३४७.

"याले सातानं भागा, आलेल्या उत्तराले अकरानं, मंग तेरानं. बाकी उरली त मी हारली."

मला हरायची भीती नव्हती. संख्या दोनदा लिहिली की ती एक हजार एकपट होते, आणि एक हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. कुणीही काहीही लिहो, भाग जाणारच. सातानं गेला. ४९६२१.

अकराला मात्र घात झाला. एकोणपन्नासातून चव्वेचाळीस वजा करून मोठेबाबांनी सहा लिहिले आणि शेवटी ओरडले, "उरले ना दहा!"

वडील माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. भर बैठकीत मोठ्या माणसाची वजाबाकी चूक कशी म्हणायची?

पण मुलाला राहवलं नाही. "मोठेबाबा, पाच उरतात तिथं! उत्तर चार हजार पाचशे अकरा येते. आता तेरानं भागा, तुमची तीनशे सत्तेचाळीस वापस येते."

मोठेबाबांनी पेन खाली ठेवलं.

"तू त दहावीत गणितात दोनदा गचकला," मोठेबाबा सावकाश म्हणाले. "तुले कसं मालूम?"

तो लाल झाला. मी पदराचं टोक पिळत राहिले. मोठेबाबांनी पुन्हा पेन उचललं, तेरानं भागलं आणि आलेल्या ३४७ खाली रेघ ओढली. मग थेट मला विचारलं, "कवापासून शिकवून राह्यली याले?"

आकड्याच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. "दोन वर्षं. रोज."

वडिलांनी कप खाली ठेवला.

"चार मास्तर थकले याच्यापुढं," मोठेबाबा वडिलांना म्हणाले. "पोरीनं भागाकार शिकवला याले. पाह्यचं काय उरलं आता? तारीख काढा."