आमच्या चौकातलं रोमन कारंजं

पाणीपुरवठा विभागात वीस वर्षं कारकुनी केली की दुसरं काही जमो न जमो, किस्से मात्र जमतात. टाकी कोरडी, पण किश्शांना चोवीस तास प्रेशर! त्यातले हे कारंज्याचे.

आमच्या नगराध्यक्षांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, चौकाच्या सुशोभीकरणासाठी अभ्यासदौरा काढला. कुठे? फ्रान्समधल्या, रोमन लोकांनी वसवलेल्या एका जुन्या शहरात! सोबत इंजिनियरसाहेब, आणि अहवाल लिहायला मी.

"भाऊसाहेब, इतक्या दूर काऊन?" मी विचारलं.

"अबे, जवळ जाऊन कोणी अभ्यास करते का?"

*

त्या शहराच्या मधोमध दगडी कारंजं होतं. शेवाळलेलं, पण धार अखंड. गाईडबाई म्हणाल्या, यात झऱ्याचं पाणी रोमन काळापासून वाहतंय.

भाऊसाहेबांनी शंका काढली, "पाणी किती दिवसाआड सोडतात, विचार बरं?"

मी इंग्रजीत विचारलं. बाईंना कळेना. पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "सोडतात म्हणजे?"

भाऊसाहेब माझ्यावरच डाफरले, "तुले इंग्लिश येत नाही बे!"

*

इंजिनियरसाहेबांनी कारंज्याला चक्कर मारली, वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "डिझाइन चुकलं आहे."

याच साहेबांनी गावात बांधलेली टाकी उद्घाटनाच्या आधीच गळायला लागली होती!

*

परत आल्यावर मी अहवालात लिहिलं, 'आधी घरोघरी पाणी द्यावे, मग कारंजे बांधावे.'

भाऊसाहेबांनी पेन घेऊन 'मग'च्या आधीचं सगळं खोडलं.

"अहवाल कसा, मुद्द्याचा पायजे!"

*

कारंजं झालं. गावात नळ दर अकराव्या दिवशी यायचे, पण उद्घाटनाला दोन टँकर ओतले. सिमेंटच्या सिंहांच्या तोंडातून पाणी, बँड, टाळ्या! भाऊसाहेब माइकवर गरजले, "आज आपलं गाव रोमच्या पंगतीले बसलं!"

एवढ्यात समोरच्या गल्लीतल्या कौतिकाबाई आल्या. वय सत्तरीच्या पुढं, लोकांची धुणीभांडी करून घरी निघालेल्या. धारेकडं पाहतच राहिल्या. मग खुर्च्यांमधून वाट काढत थेट कारंज्यामागं गेल्या, वाकल्या आणि व्हॉल्व्ह घट्ट आवळला. सिंह बंद! बँडही बंद!

"ओ मावशी, हे काय करून राह्यल्या?" भाऊसाहेब माइकवरूनच ओरडले.

पदराला हात पुसत बाई म्हणाल्या, "तोटी उघडी टाकून कोणी भाषण करते का रे बाबू? मायनं काही शिकवलं नाही काय तुले?"