शालनताईंची डबल बेल

धबधब्याचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे चिप्सची रिकामी पाकिटं आणि गाणी लावायचे डबे पोचतात, हा अनुभव आहे. वेल्ह्याच्या पलीकडे, गाडीरस्ता संपतो तिथून पुढे सगळी सकाळ जंगलातून चालायचं, एवढी माहिती पुरे. ज्याला खरंच जायचंय त्याने आमच्या ग्रुपमध्ये यावं आणि माझी बोलणी खायची तयारी ठेवावी.

मी सुदर्शन. कोथरूडात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि रविवारी मी वीस-पंचवीस लोकांना डोंगरात नेतो. पुढे मी चालतो. वाट मला माहीत असते, वेळ मी पाळतो आणि आरडाओरडाही मीच करतो. माझं कौतुक इथेच संपलं. मला सांगायचंय ते सगळ्यांच्या मागे चालणाऱ्या शालनताईंबद्दल.

मागच्या माणसाला आमच्याकडे ‘स्वीप’ म्हणतात. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्याही मागे चालायचं आणि कुणाला मागे राहू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा! ज्याला दम लागतो, ज्याचा बूट चावतो, जो दर वळणावर फोटो काढतो, तो प्रत्येक माणूस तुमच्या वाट्याला येतो. आमच्याकडे हे काम दोन-दोन महिन्यांत लोक सोडून द्यायचे. मग प्रज्ञेश आला. खराडीत नोकरी करणारा सज्जन मुलगा. एका रविवारी तो आईला घेऊन आला आणि माझ्या कानाशी लागला, “काका, रिटायर झाल्यापासून आई घरात स्वस्थ बसत नाही. आख्ख्या सोसायटीच्या मागे लागलीये. तुम्ही जरा दमवा तिला.”

दमला तो. आठवडाभर जिना उतरता येत नव्हता म्हणे, त्यानंतर फिरकला नाही. आई मात्र पुढच्या रविवारी पहाटे सगळ्यांच्या आधी हजर. पंजाबी ड्रेसवर मुलाचा जुना फुल शर्ट, डोक्याला रुमाल. “जयभीम, सुदर्शनभाऊ. आज कुठली गाडी?”

शालनताई शहराच्या बसमध्ये कंडक्टर होत्या. स्टॉपवरून बस हलायच्या आधी त्या दारातून डोकं बाहेर काढून मागे बघायच्या, कुणी धावत येतंय का. ड्रायव्हर वैतागायचा. “अहो बाई, द्या ना बेल!” तरी त्या द्यायच्या नाहीत. म्हातारं माणूस असलं तर ते चढून, बसून, पिशवी मांडीवर घेईपर्यंत त्यांचा हात दोरीला लागत नसे. गाडी लेट झाली की डेपोत बोलणी खायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निरोपसमारंभाला डेपोतल्या मंडळींनी थट्टेने त्यांना मुठीएवढी पितळी घंटा भेट दिली. ती घंटा घेऊनच त्या डोंगरात आल्या.

तिने आमचा सगळा ग्रुप बदलला. एक टोला म्हणजे थांबा. दोन टोले, म्हणजे डबल बेल, की चला. दाट झाडीत माणूस दिसत नाही, मोबाइलला रेंज नसते, माझा घसा बसतो, पण ती घंटा दरीपलीकडून ऐकू येते. पुढे मी आणि मागे त्या. दिवसभरात आमचं एक वाक्य बोलणं व्हायचं नाही, तरी मागे काय चाललंय ते मला टोल्यांवरून कळायचं. जरा घाईचा टोला म्हणजे कुणीतरी घसरलंय. सावकाश, लांबवलेला म्हणजे कुणीतरी रुसून बसलंय.

आता खरी गोष्ट. हा धबधबा आम्ही दर वर्षी करतो, पाऊस ओसरला की. आणि शालनताईंनी तो एकदाही बघितला नव्हता! पहिल्या वर्षी ग्रुपमधल्या दीपालीचा पाय मुरगळला, तिच्याजवळ त्या ओढ्याकाठी बसून राहिल्या. दुसऱ्या वर्षी एका धिप्पाड गृहस्थांनी शेवटच्या कातळावर “मला खाली बघवत नाही” म्हणून डोळे मिटून घेतले, त्यांचा हात धरून त्या थांबल्या. तिसऱ्या वर्षी कुणाचं तरी पोट बिघडलं. आम्ही वरून भिजून, आनंदाने ओरडत परत यायचो आणि या विचारायच्या, “कसा होता हो?” आमच्यातला एखादा बावळट मोबाइल पुढे करून त्यांना फोटो दाखवायचा. त्या फोटोकडे बघून मान डोलवायच्या. मला फार लागायचं ते. पण दुसरं कोण थांबणार होतं?

या वर्षी त्यांनी मला फोन केला. जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, डॉक्टर म्हणाले की नंतर सपाटीवर हवं तेवढं चाला पण असले चढ विसरा. हे सगळं त्यांनी दूध नासलं म्हणून सांगावं अशा आवाजात सांगितलं. मग म्हणाल्या, “म्हणून म्हटलं, या खेपेला धबधबा बघावा म्हणते.”

“बघावा म्हणते काय? बघायचाच!” मी फोनवरच ओरडलो. “तुम्ही या वेळी माझ्याबरोबर पुढे चालायचं. मागे दुसरं कुणी चालेल. हा हुकूम आहे.”

मागे चेतनला ठेवलं. खराडीतल्याच एका कंपनीतला, तिशीचा, दणकट आणि मनाने चांगला. शालनताईंनी घंटा त्याच्या हातात दिली खरी, पण द्यायला इतका वेळ लावला की मीच म्हटलं, “अहो, सोडा आता.”

त्यांना पुढे चालवणं म्हणजे शिक्षा होती. दर चार पावलांनी मान मागे. “ती मांजरीची आजी आली का हो?” मांजरीची आजी म्हणजे मांजरी गावच्या आनंदीबाई. उसाच्या रानात जन्म काढलेली शेतकरीण, नात संस्कृतीने हौसेने आणलेली. नात मैत्रिणींबरोबर पुढे धावत होती आणि आजी नऊवारीत, पायात नातीचे बूट घालून शेवटी. मी म्हटलं, “शालनताई, मान मोडेल. चेतन आहे ना? पुढे बघा. जंगल बघा!” जंगल खरंच बघण्यासारखं होतं. जांभळी, अंजनी, हिरड्याची झाडं एकमेकांत शिरलेली, खाली ऊन पोचत नाही, पायाखाली ओला पाला. त्यांनी ते बघितलं. चक्क एका झाडाखाली उभं राहून वर बघत म्हणाल्या, “मागे चालताना मला फक्त पाठी दिसायच्या हो.”

धबधब्याच्या अलीकडे शेवटचं एक वळण आहे. तिथे आवाज इतका येतो की बोललेलं ओरडून सांगावं लागतं, अंगावर तुषार येतात, पण दिसत काही नाही. वळण घेतलं की समोर. तिथे मी सगळ्यांना गोळा करतो. शालनताईंनी रुमाल सोडून पुन्हा नीट बांधला, देवळात जाताना बांधावा तसा. इतक्यात चेतन आला. एकटा.

“आजी कुठेत?” ताईंनी विचारलं.

चेतनचा चेहरा उतरला. “पुढे नाही आल्या? खाली दोन वाटा फुटतात ना, तिथे त्या म्हणाल्या, ‘तू जरा पुढं हो, मला आडोशाला जायचंय.’ मी पुढे जाऊन पाठ करून उभा राहिलो. बराच वेळ वेट केला. मग हाका मारल्या, मागे जाऊनही बघितलं, नव्हत्या. मला वाटलं, वरच्या वाटेने पुढे निघून गेल्या असतील.”

आता यात त्या पोराचं काय चुकलं? बाईमाणसाने पुढे हो म्हटल्यावर तो आणखी काय करणार होता? तरी माझं टाळकं फिरलंच. मी तोंड उघडणार तेवढ्यात शालनताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “राहू दे, बाळा. मी असते तर छत्री उघडून आडोसा धरून तिथेच उभी राहिले असते. तुला कसं जमणार ते?” आणि त्याच्या हातातली घंटा काढून घेतली.

“शालनताई, मी जातो,” मी म्हटलं. “तुम्ही इतक्या जवळ आलात. चार पावलं राहिलीत!”

“तुम्ही गेलात तर ह्यांना सांभाळणार कोण? आणि आजी लपून बसली असली तर पुरुषाच्या हाकेला ओ द्यायची नाही.” संस्कृती रडवेली होऊन मागे निघाली, तिलाही त्यांनी थांबवलं. “तू रडलीस की आजी घाबरेल. बस इथे.” आणि त्या दुखरा गुडघा सांभाळत उतारावरून खाली गेल्या. मला त्यांचा इतका राग आला आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की काय सांगू.

पुढचं मला परतीच्या बसमध्ये आनंदीबाईंनी सांगितलं. त्या हरवल्या नव्हत्या की पडल्या नव्हत्या. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय हे सकाळपासून त्यांच्या मनाला खात होतं. म्हणून आडोशाचं निमित्त केलं आणि एका मोठ्या धोंड्यामागे गपचूप बसून राहिल्या. लोकं परत येतील तेव्हा त्यांच्यात मिसळू, असा बेत. चेतनच्या हाका ऐकल्या, पण ओ दिली नाही. शालनताईंनी मात्र वाटेकडेचा दबलेला पाला बघितला आणि सरळ धोंड्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. एक टोला दिला.

पाण्याच्या गडगडाटातही वर आम्ही तो ऐकला. संस्कृतीने “सापडली!” म्हणून मला मिठीच मारली.

खाली आनंदीबाई म्हणाल्या, “तू जा बाय. माजं काय खरं न्हाई. मी हितंच बरी हाय.” शालनताईंनी वाद घातला नाही. शेजारी बसल्या, दाण्याची चिक्की काढली, अर्धी त्यांना दिली. म्हणाल्या, “बरं मावशी. बसू दोघी.” आणि बसल्याबसल्या घंटा उचलून दोन टोले दिले. डबल बेल. आमची वाट बघू नका, तुम्ही व्हा पुढे.

वर ती स्पष्ट ऐकू आली. दोनला परत फिरायचं हा माझा नियम, कारण खालचा ओढा मला उजेडात ओलांडायचा असतो, आणि घड्याळ दोनकडे चाललं होतं. मी सवयीने म्हटलं, “चला. डबल बेल झाली.”

कुणी हललं नाही.

“ऐकू येत नाही का? चला म्हटलं!” चेतन खाली मान घालून म्हणाला, “सर, मी नाही जाणार. त्या आल्याशिवाय नाही.” दीपाली तर बूट काढून बसलीच. ते दुसऱ्या वर्षीचे धिप्पाड गृहस्थ म्हणाले, “तुम्ही जाऊन या, सुदर्शनराव. आम्हाला काही घाई नाही.” समोर चार पावलांवर धबधबा कोसळतोय आणि सगळे पाठ टेकून ढिम्म बसलेले! इतक्या वर्षांत माझा शब्द कुणी असा मोडला नव्हता. मी दोघा-तिघांवर डाफरलो. मग मीही बसलो. कुणाशी भांडत होतो मी?

खाली पुन्हा डबल बेल झाली, जरा जोरात. आम्ही बसूनच.

तेव्हा आनंदीबाईंनी विचारलं, “तू बगितलाय का गं धबधबा?”

“नाही.”

“म्हंजी? नात तर म्हनली तू दर साली येतीस.”

“येते. पण मागे कुणीतरी असतंच ना, मावशी.”

“मी कपाळावर हात मारून घेतला,” आनंदीबाई मला सांगत होत्या. “म्हनलं, ऊठ! माज्यापायी तू ऱ्हायची व्हय? आगं जलमाचं पाप लागंल मला. ऊठ, उठतीस का न्हाई?” आणि सकाळपासून पाऊल उचलत नव्हतं ती बाई शालनताईंचा हात धरून तो चढ चढायला लागली. कोण कुणाला ओढत होतं, देव जाणे.

दोघी वळणावर आल्या आणि शालनताईंनी आम्हाला बघितलं. संतापल्या. मी त्यांना पहिल्यांदाच संतापलेलं बघितलं. “दोनदा डबल बेल दिली! गाडी का नाही हलवली?”

मी उठून उभा राहिलो. एरवी माझं तोंड कधी कमी पडत नाही, पण तेव्हा जेमतेम एवढंच निघालं, “शेवटचा पॅसेंजर चढायचा होता, बाई.”

त्यांनी रुमालाच्या टोकाने चेहरा पुसला. तुषार होते म्हणा, सगळ्यांचेच चेहरे ओले होते. मी म्हटलं, “आता तुम्ही पुढे,” तर नेहमीप्रमाणे कडेला होऊन सगळ्यांना वाट द्यायला लागल्या. आनंदीबाईंनी दंडाला धरून त्यांना पुढे ढकललं. “चल गं, आता सोंग पुरं!”

आम्ही मागे थांबलो. त्या एकट्या वळण घेऊन पुढे गेल्या.

जरा वेळाने आम्ही पोचलो तेव्हा त्या कातळावर बसल्या होत्या. समोर काळ्या कड्यावरून पांढरंशुभ्र पाणी, वरून खालपर्यंत, आणि या त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. डोकी मोजली नाहीत. आनंदीबाई नातीला घेऊन पाण्यात उतरल्या, पोरं ओरडली, फोटो झाले. दोन वाजले. मी घड्याळ बघितलं, घसा साफ केला आणि ओरडलो, “चला! निघायचं!”

कातळावरून एक टोला आला.

मला वाटलं, कुणी घसरलं. दचकून वळलो. कुणी घसरलं नव्हतं. शालनताई होत्या तशाच धबधब्याकडे तोंड करून बसल्या होत्या, घंटा मांडीवर. नोकरीत आणि डोंगरात दुसऱ्यांसाठी गाडी थांबवत आलेल्या बाईने पहिल्यांदा ती स्वतःसाठी थांबवली होती. चेतन माझ्या तोंडाकडे बघायला लागला. बॅगेत टॉर्च होते, ओढ्याला दोर होता. अंधार पडला तर पडला.

मी मुकाट्याने बूट काढले आणि डबल बेल होईपर्यंत पाण्यात पाय सोडून बसलो.